खडशीला आता धोका नाही म्हणे

२०२० सालच्या नोव्हेंबरात एक बातमी बहुतेक वर्तमानपत्रांत जवळपास सारख्याच शब्दांत आली होती. निळ्या परांचा महाशीर, म्हणजे आमची खडशी, आता संकटग्रस्त राहिलेली नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तिच्यापुढे ‘कमी चिंतेची’ असा शेरा पडला आहे, आणि लोणावळ्याला टाटा पॉवरने पन्नास वर्षं चालवलेल्या कामाचं हे यश आहे. काही ठिकाणी तर ‘लाल यादीतून सुटका’ असं छापलं होतं. लाल यादीत चिमणीही असते आणि कावळाही असतो, फक्त शेरा वेगळा असतो, हे मथळा देणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. कोविडच्या त्या भकास वर्षात एक बरी बातमी म्हणून लोकांनी ती एकमेकांना पाठवली. मलाही पाठवली. ‘बघ, तुझ्या माशाचं भलं झालं,’ असं वर लिहून.

त्या बातमीला पाच वर्षं होऊन गेली, तरी माझा राग उतरलेला नाही. त्यावर मीठ चोळायला २०२३ साली सरकारने पापलेटला राज्यमासा केलं. पापलेटशी माझं भांडण नाही. त्याची पिल्लं बाजारात विकली जाऊ नयेत म्हणून काही होत असेल तर चांगलंच आहे. पण ज्या राज्यात देशातली सर्वांत जास्त मोठी धरणं आहेत, गोदावरी, कृष्णा, भीमा ज्या राज्यात उगम पावतात, तिथल्या नदीतल्या एकाही माशाला कुणी साधी उमेदवारीसुद्धा देऊ नये? आपल्याकडे मासा म्हटला की कोकण. घाटावरचा माणूस मासे खातो हेच मुळात मुंबईकराला पटत नाही. भोई, कोळी, कहार ही माणसं नदीकाठी पिढ्यान् पिढ्या काय करत होती, असं त्याला वाटतं कोण जाणे.

आधीची दीडशे वर्षं मी झपाट्याने उरकतो, कारण त्यात कागद फार आणि मासे कमी. कर्नल साइक्स नावाचा साहेब कंपनी सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरला आणि त्याने जाता जाता माशांचीही नोंद केली. १८३९ साली ती लंडनला छापून आली. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेल्या महाशीराचं त्याने ‘खुद्री’ असं बारसं केलं. कोळस, पोटील, नुक्ता, मल्या ही नावंही त्याने भोयांकडून ऐकली तशीच लॅटिनच्या पंगतीला बसवली. पुढे फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टरने १८७३ च्या सुमारास सरकारला मोठा अहवाल दिला. त्यात बंधाऱ्यांमुळे माशांची वाट अडते, त्यांना चढायला मार्ग ठेवा, बारीक आसाची जाळी आवरा, असं सगळं आहे. दीडशे वर्षांनंतर आपण चर्चासत्रं भरवून तेच म्हणतो. १८९७ साली मत्स्यव्यवसाय कायदा झाला. सुरुंग लावून आणि विष घालून मासे मारू नका, असं तो सांगतो. निवडक पाण्यांत बंधारे घालण्यावर नियम करायचा अधिकारही त्याने सरकारला दिला. सुरुंगावरून खटले झाले असतील. बंधाऱ्यावरून सरकार स्वतःवर खटला कसा भरणार?

मग आपलं राज्य आलं. १९५७ च्या जुलैत ओडिशात हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन तळ्यातल्या कार्प माशांना अंडी घालायला लावली. काम थोरच होतं. त्यामुळे कटला, रोहू, मृगळ यांचं बीज वाटेल तेवढं मिळू लागलं. हे तिन्ही गंगेच्या खोऱ्यातले. त्याआधी १९५२ मध्ये आफ्रिकेतला तिलापिया भारतात आणला गेला होता. पुढे महाराष्ट्रात धरणांमागून धरणं उभी राहिली आणि प्रत्येक धरणाच्या उद्घाटनाच्या भाषणात सिंचन, वीज, पिण्याचं पाणी यांच्या शेपटाला ‘मत्स्यव्यवसाय’ हा शब्द लागू लागला. या काळाचा मला खरोखर कंटाळा आहे. त्या वर्षांतले अहवाल मी वाचले आहेत, कुणी वाचू नयेत.

मला बोलायचंय ते १९८० नंतरच्या दहा वर्षांबद्दल, कारण ती मी काठावर उभं राहून पाहिली.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी. होतं, म्हणायला हवं. हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. जूनमध्ये आमच्याकडे आभाळ कोरडं ठाक असायचं, ढेकळं तापलेली असायची, आणि एके दिवशी नदीला पाणी यायचं. पाऊस पडलेला असायचा भीमाशंकरला, मावळात, मुळशीच्या डोंगरात. तिकडचं लालभडक, फेसाळ पाणी काटक्या-कुटक्या, शेणखताचा वास आणि मेलेले खेकडे घेऊन आमच्या उन्हात येऊन पोचायचं. उन्हाळाभर डोहांत कोंडलेली मासळी त्या पाण्याला तोंड करून वर चढायची. चढता चढता बाजूच्या ओढ्यांत वळायची. ओढ्याला वीतभर पाणी, त्यात गवत बुडालेलं, आणि त्या गवतात पाठीचे पर बाहेर काढून मासे लोळताहेत. अंडी घालायची त्यांची ती जागा. आम्ही पोरं पंचा धरून बसायचो. भोयांतले म्हातारे आबा ओरडायचे, की पोटुशी मासळी धरू नका, पुढच्या साली काय खाल? त्यांचे स्वतःचे नातूच आमच्यात असायचे आणि संध्याकाळी आबांच्या घरूनही फोडणीचा वास यायचा. तेव्हा जुने लोक निसर्गाला फार जपत, वगैरे मी लिहिणार नाही. ते जपत नसत. पण पहिलं पाणी इतकं उदंड असायचं, की आमच्या पंचांनी आणि त्यांच्या फेकजाळ्यांनी त्याला ओरखडाही निघत नसे.

त्या पाण्यात काय काय असायचं? मरळ, वाम, शिंगटा, गुगळी हे ओळखीचे. मल्या दगडाच्या बुडाला तोंड लावून शेवाळ खरवडायचा. खडशी आमच्याकडे क्वचित यायची. ती खडकाळ पात्राची, खोल डोहाची, वाहत्या निवळ पाण्याची. आमचं पात्र वाळूचं. पण एखादी मोठी खडशी वाट चुकून जाळ्यात आली की भोईवाड्यात जत्रा भरायची. तिचा खवला मी हातात घेतलेला आठवतो. तळहाताच्या खळग्यात मावेल एवढा, कडेला पिवळसर तांबूस, नखाने वाकवला तर परत ताठ होणारा. बायका तो वाळवून पोरांच्या गळ्यात बांधायच्या. दृष्ट लागू नये म्हणून.

१९८० मध्ये भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं आणि पाणी आलं ते गेलंच नाही. आमच्याकडे त्याला फुगवटा म्हणतात. शेतं गेली, मळे गेले, पळसदेवचं देऊळ शिखरापर्यंत बुडालं. गावं वर सरकली. त्या विस्थापनाची कहाणी वेगळी आणि मोठी आहे, ती सांगणारे माझ्याहून चांगले लोक आहेत. मी तेव्हा नुकता एका जिल्हा दैनिकात बातम्या द्यायला लागलो होतो. शंभरावर टीएमसी पाणी असलेलं धरण आपल्या दारात, याचा अभिमान मलाही होता. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला ६३ हून अधिक मृतसाठा. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी कालव्यात येतच नाही. दर उन्हाळ्यात ‘उजनी वजा पन्नास टक्के’ अशी जी बातमी तुम्ही वाचता, ती याच हिशोबाची.

पहिली काही वर्षं मासळीला बरकत आली. अशी की विश्वास बसू नये. कुठलंही नवं धरण भरलं की असं होतं. बुडालेली शेतं, खतं, झाडंझुडपं कुजतात, पाण्यात खाणं वाढतं आणि नदीत आधीपासून असलेली मासळी फोफावते. शिंगटे हातभर लांब निघायचे. मरळ टोपलीत मावायची नाही. भिगवणला बर्फाच्या गाड्या लागायला लागल्या. कोरडवाहू ज्वारीवर जगणाऱ्या माझ्या चुलतभावाने जमिनीच्या मोबदल्यात जाळं घेतलं आणि दोन वर्षांत घराला पत्रा घातला. सभांमधून पुढारी सांगायचे, ‘आम्ही तुमची जमीन घेतली, पण तुम्हाला समुद्र दिला.’ टाळ्या पडायच्या. मीही त्या भाषणांच्या बातम्या दिल्या आहेत, तीन कॉलमी.

मग मासेमारीचा ठेका आला. कुणाला, कितीला, कसा, ते त्या काळी सगळ्या तालुक्याला माहीत होतं आणि छापायला कुणी तयार नव्हतं. काठावरचा भोई, ज्याची नदी होती, तो किलोमागे ठरलेल्या पैशांवर आपल्याच पाण्यात मजूर झाला. माल दुसरीकडे विकला तर जाळं जप्त. वडाप नावाचं ओढायचं मोठं जाळं आलं, आस इतका बारीक की बोटाएवढं पिल्लूही सुटायचं नाही.

आणि याच सुमारास ओढ्यांची तोंडं फुगवट्यात बुडाली होती, याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मासा चढायचा कुठे? पाणी तर उभंच. तीस-चाळीस फूट खोल, थंड, हलत नसलेलं. वरच्या अंगाला एकामागून एक धरणं झालेली किंवा होत आलेली. पानशेत, वरसगाव, पवना, कुकडीचे प्रकल्प. मावळातलं ते पहिलं लाल पाणी आता वरच अडायला लागलं. धरणं भरेपर्यंत जुलै उलटतो. मग ऑगस्टमध्ये एका रात्रीत दरवाजे उघडतात आणि जे पाणी येतं ते पूल पाडणारं, पात्र खरवडून नेणारं. माशाची अंडी जूनमध्ये पिकतात. त्याला हवा असतो तो चढता, गढूळ, हळूहळू गार होत जाणारा पहिला लोंढा. तो आला नाही तर पोटातली अंडी पोटातच विरून जातात. हे मला कुणा शास्त्रज्ञाने शिकवायच्या आधी आबांनी सांगितलं होतं. एका सप्टेंबरात त्यांनी मासळी चिरून दाखवली. गाभोळी असायची तिथे पिवळट चिकट पट्टा. ‘वेळेला पाणी नाही मिळालं हिला,’ एवढंच म्हणाले आणि सुरी पुसली.

कोळस जाळ्यात यायचा थांबला. पोटील दिसेनासा झाला. मी एका सरकारी कार्यालयात गेलो. कुठलं ते सांगत नाही, तिथले साहेब केव्हाच निवृत्त झाले. साहेबांनी आदराने बसवलं, चहा मागवला आणि एक वही उघडली. त्यात आडवे रकाने होते. जिरे, बीज, बोटुकली. कटला इतके लाख, रोहू इतके लाख, मृगळ इतके लाख. प्लास्टिकच्या पिशव्यांत प्राणवायू भरून ट्रकने आणलेली बोटुकली कुठल्या तारखेला कुठल्या घाटावर सोडली, त्याखाली सह्या. वही अगदी नीटस होती. मी विचारलं, ‘आणि इथल्या माशांचं? कोळस, पोटील, खडशी?’ साहेबांनी वही मिटली आणि म्हणाले, ‘त्यांचं बीज मिळत नाही हो.’

बीज मिळत नाही म्हणजे रकाना नाही, आणि रकाना नाही म्हणजे तो मासा सरकारदरबारी नाहीच. पुढची पंचवीस-तीस वर्षं महाराष्ट्रातल्या नद्यांत काय झालं, याचं याहून नेमकं स्पष्टीकरण मला कुठे मिळालेलं नाही.

मी बातमी लिहिली. संपादकांनी विचारलं, ‘मासे मेले का?’ म्हटलं, मेले नाहीत, निपजतच नाहीत. ‘मग मेल्यावर द्या.’ त्यांचा दोष म्हणावा तर तेव्हा टनाचा आकडा वाढतच होता. टन वाढत असताना जाती घटताहेत, हे मथळ्यात कसं बसवायचं? पुण्याच्या पर्यावरणवाल्यांकडे गेलो, तर तिथे महाशीराच्या स्लाइड. महाशीर साहेबाचा मासा, गळाला लागला की तासभर झुंजतो, म्हणून त्याच्यावर इंग्रजीत पुस्तकं. आमच्या मल्याचं आणि नुक्त्याचं कोण घेऊन बसतो? मुळा-मुठेतून नोंदलेला, पुण्याचंच नाव शास्त्रीय नावात मिरवणारा एक बोटभर शिंगटा आहे, ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस. छातीवर घड्या घातलेल्या कातडीची गादी असते, तिने तो धो धो पाण्यात खडकाला चिकटून राहतो. १९३८ मध्ये सुंदरलाल होरांनी त्याचं वर्णन केलं. पुण्यात जन्म गेलेल्या किती जणांना तो माहीत आहे? फ्रेझरने १९४२ मध्ये पुण्याच्या माशांची यादी केली होती. २००३ मध्ये वाघ आणि हेमंत घाटे यांनी मुळा-मुठा पुन्हा धुंडाळली, तेव्हा जुन्या याद्यांतल्या कित्येक जाती त्यांच्या हाती लागल्या नाहीत. ही माणसं नसती, तर काय गेलं हेसुद्धा कळलं नसतं.

आता लोणावळ्याबद्दल. तिथल्या कामाला मी नावं ठेवणार नाही, आधीच सांगतो. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे मोठे मत्स्यशास्त्रज्ञ. कृष्णेच्या खोऱ्यातल्या, दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाणाऱ्या ‘खवलचोरा’चं वर्णन त्यांनीच १९५२ मध्ये केलं. १९७० च्या आसपास त्यांनी दख्खनी महाशीराची अंडी, पिल्लं, निपज यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि पुढे एस. एन. ओगले यांच्याबरोबर वळवणच्या धरणाकाठी या माशाची पैदास करून दाखवली. तोपर्यंत खडशीचंही ‘बीज मिळत नाही’ हेच उत्तर होतं. मी ते पाहायला गेलो, तेव्हा पावसाची झड लागली होती. तलावातून धरलेली मादी ओल्या फडक्यात धरून एक माणूस तिच्या पोटावरून अंगठा हलकेच मागे नेत होता, आणि परातीत पिवळीजर्द अंडी टपटप पडत होती. साबुदाण्याहून थोडी लहान. त्यावर नराचं रेत पिळून पिसाने ढवळलं. मग वाहत्या पाण्याच्या तबकांत ती पसरली. तीन-चार दिवसांनी निघणारी पिल्लं उजेड सहन करत नाहीत. डोकी खाली घालून, शेपट्या थरथरवत सगळी कोपऱ्यात गर्दी करतात. मला ते बघून भरून आलं होतं, हे कबूल करतो.

पण वळवण हे धरण आहे, हे विसरून कसं चालेल? मुळशी, वळवण, शिरवटा, ठोकरवाडी. भीमेच्या खोऱ्यात पडलेलं पाणी डोंगरातून पश्चिमेला वळवून, खाली टाकून वीज करायची आणि कोकणात सोडून द्यायचं, अशी ही शंभर वर्षांची व्यवस्था. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या मागे जाऊन १९२१ मध्ये तिच्याविरुद्ध सत्याग्रह केला. तेव्हा माशांचा प्रश्न कुणाच्या ध्यानीमनी नसणार, माणसांचाच सुटत नव्हता. पुढे त्याच व्यवस्थेतल्या वळवणच्या काठी त्याच खोऱ्यातल्या माशाची पिल्लं वाढवली गेली, लाखोंनी, आणि देशभर वाटली गेली. वाटली कुठे? तलावांत, जलाशयांत. आणि कावेरीत.

कावेरीची गोष्ट मराठी वाचकाला फारशी ठाऊक नाही, म्हणून सांगतो. कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर आहे, पाठीवर कुबड, शेपटीचे पर तांबडे-नारिंगी. जगातल्या मोठ्यात मोठ्या महाशीरांत त्याची गणना होते. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगन घराण्यातल्या एकाने काबिनी नदीत एकशेवीस पौंडांचा धरला होता. तिथे खेळ म्हणून मासेमारी करणाऱ्यांच्या सोयीसाठी लोणावळ्याच्या निळ्या परांच्या महाशीराची पिल्लं सोडली गेली. हेतू वाईट नव्हता, महाशीर कमी होताहेत तर महाशीर सोडू या. एड्रियन पिंडर, राजीव राघवन वगैरेंनी १९९८ ते २०१२ या काळातल्या गळकऱ्यांच्या नोंदी तपासल्या. त्यात कुबडा महाशीर ओसरत गेलेला आणि आपला निळा पराचा वाढत गेलेला दिसतो. कुबड्याला शास्त्रीय नाव नक्की मिळालं ते २०१८ मध्ये, टॉर रेमादेवी. आणि त्याच साली लाल यादीत त्याच्यापुढे शेरा पडला, ‘अतिसंकटग्रस्त’. आमच्या खडशीला ‘कमी चिंतेची’ ठरवणारा शेराही त्याच वर्षाचा. आपल्या घरची पोरगी परमुलखात दुसऱ्याचं घर बळकावून बसली आणि आपण पेढे वाटले.

आणि तिचं माहेर? देहूला इंद्रायणीच्या डोहात भाविकांनी जपलेले मासे आहेत, महाडजवळ वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे मासे आहेत. देवाच्या नावावर राखलेले हे तुकडे सोडले, तर सरकारने माशासाठी म्हणून राखलेला नदीचा एक मैल मला दाखवा. वरून पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी, खालून वाळूचे ट्रक. वाळू गेली म्हणजे अंडी घालायची गादीच गेली. मार्च २०२३ मध्ये सांगलीला कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हा मात्र माझ्या त्या संपादकांच्या अटीत बसणारी बातमी झाली. पहिल्या पानावर आली.

भिगवणला आजही मासळीचा लिलाव होतो. चिलापी, चिलापी आणि चिलापी, म्हणजे तोच तिलापिया. मला ती आवडते, महामार्गावरच्या हॉटेलात मीही तिच्या थाळीला थांबतो. गरिबाच्या ताटात तिने मासा घातला, तिच्यावर कसला राग? मधे बंदी असलेला मांगूर आला, आणि हल्ली तो काटेरी सकर मासा, ज्याला खायला कोणी नाही आणि जो जाळी फाडून टाकतो. मत्स्यालयांच्या धंद्यातून सुटलेला. त्याचं बीज मात्र कुणी न मागता मिळालं.

आता नदीला पाणी येतं ते ‘आवर्तना’ने. मार्चमध्ये सोलापूरच्या पिण्यासाठी पात्र दुथडी भरून, एप्रिलमध्ये कोरडं. त्या खोट्या पुरावर मासे पसरतात आणि आवर्तन संपलं की खड्ड्यांत अडकून मरतात. आषाढीला चंद्रभागेत स्नानासाठी उजनीतून पाणी सोडतात. सोडावंच, विठ्ठल कुणाला नको? पण म्हणजे सोडता येतं. मागणारा लागतो.

फिश लॅडर, म्हणजे माशांचा जिना, हे खूळ अधूनमधून निघतं. उजनीच्या उंचीला कसला जिना? फरक्का बराजला मासे चढवायला खास दरवाजे ठेवले होते. अलाहाबादपर्यंत जाणारा हिलसा १९७५ नंतर वर किती पोचला, ते बंगाल्याला विचारा. परिणीता दांडेकर आणि त्यांचे सहकारी धरणं आणि मासे यांच्यावर वर्षानुवर्षं लिहिताहेत. त्यांचं म्हणणं एवढंच, की आधी नदीत वेळेला पाणी ठेवा. २०१८ मध्ये गंगेच्या वरच्या टप्प्यांसाठी किमान प्रवाहाची अधिसूचना निघाली. ती गंगेची. भीमा धाकटी, तिच्या वाटणीला कालवा सल्लागार समिती. तिच्या ज्या बैठकांना मी पत्रकार म्हणून बसलो, तिथे ऊसवाले होते, आमदार होते, शहरांचे अभियंते होते. भोई कुणी पाहिला नाही.

मागणी अगदी बारकी आहे. साठलेलं पाणी सोडा असं मी म्हणत नाही, जूनमध्ये धरणात असतंच काय? पावसाळ्याचं जे पहिलं पाणी वर येतं, त्यातलं दोन-तीन दिवसांचं न अडवता खाली जाऊ द्या. सुरुवात चासकमानपासून करा. ते खुद्द भीमेवर आहे आणि तिथून खाली पाणी पुण्याच्या मानाने अजून बरं आहे. अभियंते म्हणतील, पोचण्याआधी मोटारी उपसून नेतील. सोलापूरच्या पाण्यासाठी नदीकाठची वीज तोडता ना, तशी ते दोन दिवस तोडा. शिव्या पडतील. त्या माझ्या नावाने घाला म्हणावं, भीमेकाठी मला ओळखणारे अजून बरेच आहेत.